दहापैकी दीड?

आज सकाळी आमच्या गाणेवाल्यांच्या ग्रुपवर एका मित्राची यादी आली आणि हातातला चहा तसाच राहिला. अल्बमांना दहापैकी गुण दिलेत. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ला दहा. लताबाई आणि श्रीनिवास खळ्यांच्या ‘अभंग तुकयाचे’ला सहा, कारण काय तर ‘सगळं एकाच मूडमध्ये आहे’. आणि अहिराणी लग्नगीतांच्या एका अल्बमला दीड. शेरा : ‘गावठी गोंगाट’. जन्म जळगाव जिल्ह्यात गेलेला माणूस हे लिहितो!

१९५९ च्या त्या जॅझ अल्बममधली पहिलीच रचना घ्या. बत्तीस बारांचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) एक आवर्तन, त्यातले चोवीस बार एकाच स्वरपंक्तीवर आणि मधले आठ तेवढे अर्धा स्वर वर. बस्स. तिथे या मित्राला ‘संयम’ दिसला, आणि मलाही दिसतो, मोठाच अल्बम आहे तो. पण मग तुकोबांचा हट्ट, भांडण, शरणागती एकाच गळ्यातून येते तेव्हा तो ‘एकच मूड’ कसा झाला? तिकडे जो गुण, तोच इकडे दोष! दोष काढायचाच होता तर खरा काढायचा. लताबाईंचा आवाज इतका निर्मळ आहे की दिंडीतली धाप, बसलेला घसा त्यात कुठे येत नाही. हे म्हटलं असतं तर मी बसून वाद घातला असता.

माझा मामा चोपड्याला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. पावसाळ्यात सुपाऱ्या नसायच्या, तेव्हा ओट्यावर टेप ठेवून ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावायचा. १९६७ चा अल्बम. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस त्यात आहे, पहाटे अहिर भैरवने सुरू होतो आणि पहाडीवर संपतो. मामा मधेच माझा दंड धरायचा : “आयक रे भाऊ, हाऊ तबला कोठेच म्होरे येत नही.” रोज रस्त्यावर ढोलाशी झुंजून सूर काढणारा माणूस तो. त्याला त्या तबल्याचं मागे राहणं कळायचं.

गल्लीतले एक पेटीवाले काका मात्र तो अल्बम लागला की करवादायचे. त्यातला भूप राग कुठे डोळे उघडतो न उघडतो तोच गुंडाळला, म्हणायचे. त्यांचं बरोबर होतं. राग म्हणून ऐकायला बसलात तर तो अल्बम उपाशी ठेवतो. मामा एवढंच म्हणायचा, “हाई कोनासाठे शे, ते पहिले इचार ना.” हे कोणासाठी आहे, ते आधी विचार. चोपड्याच्या ओट्यावर मला मिळालेली ही फूटपट्टी आजपर्यंत कुठल्याच अल्बमला कमी पडलेली नाही.

आता तीच त्या दीड गुणवाल्या अल्बमला लावा. ते गाणं हेडफोनसाठी नाहीच. मे महिना, धुळ्याचं ऊन, वरात चार पावलं सरकते आणि थांबते. अशा वेळी धृपद पुन्हा पुन्हा यावंच लागतं, कारण मागची मंडळी आत्ता कुठे नाचायला पोहोचलेली असते. मामा तर पुढे असलेल्या नवरदेवाच्या भावाकडे बघून कडवं लांबवायचा. ज्याला माझा मित्र ‘तोचतोचपणा’ म्हणतो ते त्या गाण्याचं काम आहे. ‘सैराट’साठी हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवला तेव्हा नाचाचा ठेका ‘भव्य’ वाटला, आणि शिरपूरच्या पोराने घरच्या कीबोर्डवर धरला की गोंगाट? अजय-अतुल माझेही लाडके आहेत, पण हा न्याय नव्हे.

हो, त्या अल्बममध्ये दोष आहेत, मान्य. आवाज कीबोर्डखाली गाडलाय, शब्द ऐकू येत नाहीत. ऑटोट्यूनने, म्हणजे सूर सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरने, गाणारीच्या गळ्यातलं अहिराणी वळण इस्त्री करून टाकलंय. दोन गाण्यांत पोरींची टिंगल आहे, ती मला सहन होत नाही. आणि सगळ्यात जास्त खुपतं ते हे की क्लॅरोनेटच्या जागी कीबोर्डचा बटणातला आवाज आहे. गावोगाव वाजवणारे बसलेत रे, एकाला तरी बोलवायचं! हे लिहा ना यादीत. मी स्वतः बनवणाऱ्यांना पाठवीन. ‘गावठी’ लिहिल्यावर त्या पोराने सुधारायचं काय?

मित्र वाईट नाही. जॅझ मला त्यानेच ऐकवला, आणि आज मी ग्रुपवर जरा तोडूनच बोललो. तरी दीड गुण मी मान्य करणार नाही.

एक काम करू. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) झोक्यावरची गाणी, आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी, जुने बँडवाले, कोणाकडे कसल्याही कॅसेट पडून असतील तर सांगा. नंदुरबारपासून रावेरपर्यंत कुठेही न्यायला येतो. टेप चालू आहे माझा. रविवारी तो मित्रही माझ्याकडे येतोय, दोन्ही बाजू पूर्ण ऐकायच्या आणि मगच लिहायचं, असं ठरलंय.