पहिल्या तासालाच ऑब्जेक्ट : नवोदित प्राध्यापकांसाठी काही सूचना

नव्याने प्रोग्रामिंग शिकवू लागलेल्या प्राध्यापक मित्रांनो, नवशिक्या मुलांना प्रोसिजरल पद्धतीने, म्हणजे आधी काय करायचे आणि मग काय करायचे अशा साध्या क्रमाने विचार करायला शिकवण्याच्या फंदात कृपया पडू नका. त्या पद्धतीत मूल थोड्याच दिवसांत स्वतःच्या डोक्याने काहीतरी लिहू लागते, आणि एकदा प्रोग्राम चालला की ते प्रश्नही विचारू लागते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीने, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधलेल्या ‘ऑब्जेक्ट’पासून आणि त्याचा साचा असलेल्या ‘क्लास’पासून, सुरुवात केल्यास हा धोका जवळजवळ उरत नाही.

श्रीगणेशा जावा या भाषेने करावा. पडद्यावर एक ओळ उमटवण्यासाठी मुलाला पब्लिक, क्लास, स्टॅटिक, व्हॉइड आणि स्ट्रिंगचा ॲरे एवढे सगळे लिहावे लागते, आणि त्यांपैकी कशाबद्दलही विचारले तरी ‘ते पुढे येणार आहे, आत्ता तसेच उतरवून घ्या’ हे एकच उत्तर पुरते. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ ने क्लासची चौकट न लिहिता नुसते मेन, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो तो भाग, लिहिण्याची सोय कायम केली आहे, कारण नवशिक्यांना हा पसारा जड जातो हे खुद्द त्या भाषेच्या कर्त्यांनाच पटले. परंतु आपला अभ्यासक्रम त्यांना विचारून ठरत नाही.

सी++ शिकवायचे असल्यास टर्बो सी++ चा निळा पडदा सोडू नये. तो कंपायलर (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन) १९९० सालचा आणि भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ चे, त्यामुळे विद्यार्थी जे शिकेल ते बाहेरच्या कोणत्याही कंपायलरवर धड चालणार नाही याची खात्री राहते.

सर्व व्हेरिएबल प्रायव्हेट, म्हणजे क्लासबाहेरून हात न लागणारी, करून घ्यावीत, मग प्रत्येकासाठी ते बाहेरून वाचू देणारे गेटर आणि बदलू देणारे सेटर लिहून घ्यावेत, आणि याला एन्कॅप्सुलेशन, म्हणजे माहिती झाकून ठेवणे, म्हणतात असे सांगावे.

क्लास मुळात कशासाठी, हे मात्र सांगू नये. १९६० च्या दशकात नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यगार्ड यांना सिम्युलेशनचे, म्हणजे प्रत्यक्ष घडामोडींची संगणकावर नक्कल करणारे, प्रोग्राम लिहायचे होते. त्यांत एकाच वेळी अनेक घटक वावरतात, प्रत्येकाची स्थिती वेगळी असते आणि प्रत्येकाचे वागणेही वेगळे असते. त्या गरजेतून सिम्युला ही भाषा आणि तिच्यातले क्लास व ऑब्जेक्ट जन्माला आले. एवढे कळले तर एखादी चौकस मुलगी विचारील की पाच विषयांच्या गुणांची सरासरी काढण्याच्या प्रोग्राममध्ये ही गरज नेमकी कुठे आहे.

सर्वांत मोठा फायदा तोंडी परीक्षेत होतो. प्रोसिजरल प्रोग्राम तपासायचा तर तो वाचावा लागतो. येथे चार व्याख्या विचारल्या की भागते. पॉलिमॉर्फिझमचे, म्हणजे एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या ऑब्जेक्टनी आपापल्या परीने उत्तर देण्याचे, रिअल लाइफ एक्झांपल तर पिढ्यान्‌पिढ्या तयारच आहे : एकच माणूस घरी बाप, ऑफिसात साहेब आणि दुकानात गिऱ्हाईक. माझी भाची डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवाच्या ओरलला तिने एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, भलताच आगाऊपणा केला. वर्तुळ आणि चौकोन या वेगळ्या क्लासच्या ऑब्जेक्टना क्षेत्रफळ विचारले तर प्रत्येक जण आपापल्या सूत्राने ते काढतो, आणि समोर कोण आहे हे विचारणाऱ्याला माहीत असावे लागत नाही, असे तिने सांगितले; शिवाय दोन्हींच्या सामाईक बेस क्लासच्या पॉइंटरचा ॲरे कागदावर काढून कोणते व्हर्च्युअल फंक्शन, म्हणजे प्रत्येक क्लासने आपल्यापुरते लिहिलेले काम, केव्हा चालेल तेही दाखवले. साहेबांनी कागदाकडे ढुंकूनही पाहिले नाही. ‘माणसाचे उदाहरण दे,’ ते म्हणाले. ‘सर, त्यात ऑब्जेक्ट एकच आहे, फक्त त्याच्या भूमिका बदलतात,’ ती म्हणाली. ‘पुस्तकात आहे तेवढेच बोलायचे,’ असे सुनावून त्यांनी तिला पंचवीसपैकी नऊ गुण दिले, म्हणजे पास व्हायला बरोबर एक कमी. ज्या मुलाने सिनियरचे जर्नल रोल नंबर बदलून जसेच्या तसे उतरवले होते, त्याने बाप-साहेब-गिऱ्हाईक घडाघडा म्हटले आणि बावीस गुण नेले. अहो, त्या उदाहरणात कोणी कोणाला काय विचारले? एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या ऑब्जेक्टनी वेगवेगळे उत्तर कुठे दिले? जे उदाहरण मुळातच लागू पडत नाही, ते न देणाऱ्या मुलीला तुम्ही नापास करता?

मला ऑब्जेक्टचे वावडे नाही. माझे पोट त्यांच्यावरच चालते. प्रोग्राम वाढत जातो, एकाच माहितीत दहा फंक्शन्स हात घालू लागतात आणि खात्यातली शिल्लक कोणी बदलली हे शोधता शोधता रात्र होते, तेव्हा क्लासची किंमत कळते. तो गोंधळ मुलांना एकदा स्वतः घालू द्या आणि मग क्लास शिकवा. पाठ न करताही तो समजेल. तुम्हाला हे ठाऊक नाही असे नाही, तुम्हाला कष्ट नको आहेत. प्रोसिजरल आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेडमधील फरक लिहा, चार गुण, एकीकडे टॉप-डाउन आणि दुसरीकडे बॉटम-अप, हा तक्ता तुम्ही विद्यार्थी असताना घोकलात आणि आता तोच तपासता आहात. पुढच्या वेळी एक्स्टर्नल म्हणून जाल तेव्हा मुलाला संगणकासमोर बसवा, त्याच्याच प्रोग्राममधली एक ओळ बदला आणि आता काय होईल ते विचारा. एवढेही करायचे नसेल तर परीक्षकाचे मानधन घेऊ नका.