घट्ट झाकणाची वाइन आणि तो मेसेज

'आठ दिवसांत घरगुती फळांची वाइन, शंभर टक्के नैसर्गिक' हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला. तिने बरणी भरली, झाकण आवळलं, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि मला कौतुकाने फोटो पाठवला. म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेजचं म्हणणं असं: फळं न धुता कुस्करा. फळांइतकीच साखर घाला. बरणी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा, 'गॅस बाहेर जाऊ देऊ नका, सगळा गुण त्यातच असतो'. आठव्या दिवशी गाळून प्या. केमिकल नाही म्हणून डोकं दुखत नाही, आणि लहान मुलांनाही चमचाभर चालते.

आधी गॅसचं बघू. बाकीच्या चुकांनी फार तर वाइन बिघडेल, या चुकीने डोळा जाऊ शकतो. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवतं, वजनाने जवळपास निम्मं निम्मं. अर्धा किलो साखर पूर्ण आंबली तर सव्वाशे लिटरच्या आसपास गॅस तयार होतो. त्यात गुण कसला डोंबलाचा? तो आपण दर श्वासाला बाहेर टाकतो.

आता तुलनेला शॅम्पेन घ्या. तिथे गॅस मुद्दाम बाटलीत कोंडतात, पण त्यासाठी लिटरमागे साखर घालतात जेमतेम २४ ग्रॅम. तेवढ्यानेच आत सुमारे ६ बार दाब तयार होतो, मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त. म्हणून ती बाटली इतकी जाड काचेची असते आणि बुचाला तारेची जाळी लागते. तरीसुद्धा एकेकाळी तिथल्या तळघरांत बाटल्या इतक्या फुटत की कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून काम करत. साखर किती घालायची हे मोजून ठरवण्याची पद्धत १८३०च्या दशकात झां-बातिस्त फ्रांस्वा नावाच्या औषधविक्रेत्याने बसवली, त्यानंतर फुटाफूट कमी होत गेली. आणि हा मेसेज लोणच्याच्या बरणीत ओंजळी-ओंजळीने साखर ओतायला सांगून वर झाकण आवळायला लावतो!

गंमत म्हणजे मेसेजमधली दुसरी चूक पहिलीला थोडीफार सावरते. फळांइतकीच साखर म्हणजे जवळपास मुरांबा. एवढ्या गोडात यीस्टला नीट कामच करता येत नाही. त्यामुळे काही बरण्या वाचत असतील आणि लोक 'आमची तर छान झाली' म्हणून मेसेज पुढे ढकलत असतील. पण बहीण म्हणाली, "मला फार गोड नको, म्हणून मी साखर निम्मीच घेतली आणि पाणी घातलं." म्हणजे शहाणपणा केला आणि यीस्टला हवं तसं पातळ साखरपाणी नेमकं तयार करून दिलं. अशी बरणी भरली असेल तर तिला हिसके देऊ नका. फ्रिजमध्ये गार होऊ द्या, मग डोळ्यांवर चष्मा घालून, जाड टॉवेल गुंडाळून झाकण अगदी हळू सैल करा.

एक मान्य करतो: हवा आत जाऊ नये हे बरोबर आहे. हवा मिळाली की जिवाणू अल्कोहोलचा व्हिनेगर करतात. पण हवा आत न येणं आणि गॅस बाहेर न जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यासाठीच एअरलॉक असतो, म्हणजे गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप. पहिले काही दिवस, गर वर तरंगत असताना, स्वच्छ फडकं बांधून रोज गर खाली दाबला तरी भागतं. आणि बरणी काठोकाठ तेव्हा कधीच भरायची नाही, फेस वर येतो.

न धुतलेल्या फळांवर यीस्ट असतं, खरंय. बुरशी आणि व्हिनेगरचे जिवाणूही असतात. कोण जिंकेल ते नशीब.

'केमिकल' म्हणजे सल्फाइट, वाइन टिकावी म्हणून घालतात ते. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो, त्यांनी जपावं. पण थोडं सल्फाइट यीस्ट स्वतःच बनवतं, त्यामुळे 'शून्य' वगैरे काही नसतं. आणि डोकं दुखायला आधी अल्कोहोल पुरेसं आहे.

मुलांबद्दल वाद घालायचीही माझी तयारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. हे मोठ्यांनाही लागू आहे, मलाही. मी छंद म्हणून वाइन करतो, औषध म्हणून नाही.

राहिले आठ दिवस. आठव्या दिवशी हाती येतो गढूळ, अर्धवट आंबलेला, यीस्टची चव असलेला रस. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असंही नाही. गारठ्याने यीस्ट नुसतं झोपलेलं असू शकतं, आणि तीच वाइन बाटलीत भरली की पुन्हा दाबाची गोष्ट. हायड्रोमीटर घ्या, म्हणजे रसाची घनता मोजणारी काचेची नळी; साखर संपत जाते तसा तिचा आकडा उतरतो. काही दिवसांच्या अंतराने आकडा १.०००च्या खाली आणि तोच राहिला, की गाळावरून वरची वाइन नळीने दुसऱ्या भांड्यात काढा आणि स्वच्छ होईपर्यंत ठेवा. त्याला महिने लागतात.