उलथणे खाली ठेवा

क्योटोचा माणूस कपड्यांपायी कंगाल होतो आणि ओसाकाचा खाण्यापायी, अशी जपानमध्ये एक जुनी म्हण आहे. दोतोन्बोरीच्या कालव्याकाठी जुलैतल्या दमट संध्याकाळी उभे राहिल्यावर मात्र असे वाटू लागते की, ओसाकाचा माणूस कंगाल होण्याच्या कितीतरी आधी रांगेतच म्हातारा होत असावा.

आम्ही ज्या ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबी घातलेल्या जाडजूड जपानी धिरड्याच्या, उपाहारगृहापुढे जाऊन थडकलो, त्याची ख्याती एवढी होती की दाराबाहेर भिंतीलगत स्टुलांची ओळच मांडून ठेवली होती. पुढचे गिऱ्हाईक आत गेले की साऱ्या ओळीने उठायचे, एकेक स्टूल पुढे सरकायचे आणि पुन्हा बसायचे, असा तिथला शिरस्ता. माझी आत्या सत्तरी ओलांडलेली, मूळची मालवणची आणि गुडघ्यांनी पिडलेली आहे. शाळेत गणिताच्या बाईंनी काढायला लावलेल्या उठाबशांनंतर आजच हा योग आला, हे तिने मला प्रत्येक सरकण्यासरशी ऐकवले.

तिचे लक्ष गुडघ्यांवरून उडावे म्हणून मी माहिती पुरवण्यास सुरुवात केली. ओसाकात पीठ, कोबी, अंडे असे सगळे आधी वाडग्यात कालवून मग तापल्या लोखंडी पत्र्यावर घालतात. हिरोशिमात मात्र पिठाच्या पातळ पापुद्र्यावर कोबीचा ढीग, कडधान्याचे लांब मोड, डुकराच्या मांसाचे काप, नूडल्स आणि शेवटी अंडे, असे थरावर थर रचतात. दोन्ही शहरांना आपलेच खरे वाटते, आणि हिरोशिमाच्या माणसासमोर त्याच्या पदार्थाला ‘हिरोशिमायाकी’ म्हटले तर तो दुखावतो, कारण त्याच्या लेखी मूळ ओकोनोमियाकी तोच. विशेषणे लावायची तर ती इतरांनी लावून घ्यावीत. हे आत्याला तात्काळ पटले. मालवणात कोणीही माशाच्या आमटीला मालवणी आमटी म्हणत नाही, ती उठाठेव पुण्या-मुंबईच्या पाट्यांवर चालते, असे तिने बजावले.

उत्साह येऊन मी पुढे गेलो. युद्धापूर्वी असाच एक पदार्थ पोरासोरांचा एका सेनला, म्हणजे येनच्या शंभराव्या हिश्शाला, मिळणारा खाऊ होता. 1945 नंतर बेचिराख झालेल्या हिरोशिमात तांदूळ मिळेना, तेव्हा मदत म्हणून आलेल्या अमेरिकन गव्हाच्या पिठावर लोकांनी त्याला पोटभरीचे जेवण बनवले, हे मी जरा गंभीर आवाजात सांगितले. आत्या क्षणभर थांबून म्हणाली, “अमेरिकेचा लाल गहू आम्हालाही मिळायचा रेशनवर. पण त्यासाठी लावलेली रांग यापेक्षा लवकर सरकायची.”

अखेरीस आत प्रवेश मिळाला. तिथली स्टुले म्हणजे आतून पोकळ पेट्या होत्या. कपड्यांना आणि पिशव्यांना तळणाचा वास लागू नये म्हणून झाकण उचलायचे, सामान आत टाकायचे, झाकण लावायचे आणि त्यावर आपण बसायचे. आत्याने पर्स आत ठेवली, मग पर्समधून चष्मा हवा म्हणून पुन्हा उठली, मेनू वाचून झाल्यावर चष्मा ठेवायला तिसऱ्यांदा उठली, आणि रस्त्यावरच्या उठाबशांचा हिशेब आत पुढे चालू राहिला. डुकराचे मांस तिला चालत नसल्यामुळे एक कोळंबीचा आणि एक माकुलांचा, असे दोन ओकोनोमियाकी सांगितले. टेबलाच्या मधोमध बसवलेला लोखंडी पत्रा एव्हाना तापला होता आणि त्याची धग सरळ आमच्या चेहऱ्यांवर येत होती.

डोक्याला फडके बांधलेला, विशीतला एक मुलगा दोन वाडगे घेऊन आला. त्यात पिठापेक्षा कोबीच अधिक होता. वर तळणातून गाळून घेतलेल्या पिठाच्या कुरकुरीत बुंद्या, लालभडक लोणचवलेले आले आणि एक अंडे. त्याने ते सगळे झपाट्याने फेटले, पत्र्यावर दोन जाडजूड वर्तुळे घातली, आमच्यापुढे पोलादी उलथणी ठेवली आणि तो वाकून नमस्कार करून निघून गेला.

आता आत्यासमोर तापलेला तवा आहे, तव्यावर पीठ आहे, हाताशी उलथणे आहे, आणि काहीही करायचे नाही, अशी अवस्था तिच्या हयातीत कधी आली नव्हती. पन्नास वर्षे भाकऱ्या आणि घावने काढलेला तो हात आपसूक उचलला गेला आणि तिने कोळंबीच्या वर्तुळाची कड उलथण्याने चांगली चेपली. चर्र असा आवाज झाला. त्या गजबजाटातून तो आवाज नेमका टिपून तो मुलगा दोन टेबले ओलांडून धावत आला आणि त्याने छातीपुढे दोन्ही हातांची फुली केली. एवढी निःसंदिग्ध फुली मी गणिताच्या वहीतदेखील पाहिलेली नाही.

“कडा दाबल्याशिवाय भाजणार कसं ते?” आत्याने त्याला मराठीत विचारले. त्याने हसून पुन्हा फुली केली.

त्याच्या बाजूने बोलायचे तर त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. या पिठात नागाइमो नावाचा एक कंद कच्चाच किसून घालतात. तो बुळबुळीत कीस आणि चिरलेला कोबी मिळून हवा धरून ठेवतात, कोबी स्वतःच्या वाफेवर आतल्या आत शिजतो आणि पदार्थ हलका राहतो. दाबले की हवा गेली, वाफ गेली आणि उरला तो चिवट गोळा. हे मी आत्याला समजावून सांगितले, परंतु तवा सोडून नुसते बघत बसणे हा तिच्या दृष्टीने आळशीपणाच होता. ती हात मांडीखाली धरून बसली. मुलगा येई, वर्तुळाखाली डोकावे, मान हलवी आणि जाई. पुढच्या वेळी दोन उलथण्यांनी ते अखंड उलटवी आणि पुन्हा जाई. उलटवताना एकदाही तुकडा पडला नाही, हे तिने मान्य केले, पण त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

मग त्याने वर काळपट सॉस ब्रशने फासला, मेयोनेझच्या बारीक रेघा ओढल्या, शेवाळाची हिरवी भुकटी भुरभुरली आणि कात्सुओबुशीचे पापुद्रे पसरले. गरम वाफेवर ते पापुद्रे वळवळू लागताच शेजारच्या टेबलांवर मोबाईल सरसावले. आत्याने त्यातला एक चिमटीत धरून सरळ तोंडात टाकला आणि तिचा चेहरा उजळला. हा आपल्या कुप्याच्या कुळातला मासा. शिजवून, धुरावर सुकवून लाकडासारखा कठीण करतात आणि रंध्यावर तासतात. “सुकवलाय मन लावून,” ती म्हणाली. सुक्या मासळीच्या बाबतीत यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्रक तिच्याकडे नाही.

सॉस चाखून ती थबकली. “यात खजूर आहे.” मी हसलो, मग टेबलावरच्या बाटलीचे लेबल मोबाईलने वाचून पाहिले आणि हसणे आवरले. हिरोशिमाच्या ओताफुकुसह काही नामवंत कंपन्या या सॉसमध्ये खरोखरच खजूर घालतात. त्यानंतर तिने त्या मुलाकडे ज्या नजरेने पाहिले, त्यात फुलीची परतफेड पुरेपूर होती.

खाण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण पहिल्याच घासाला माझी जीभ पोळली आणि पुढची चव अर्धवटच कळली. बाहेरून खरपूस, आतून लुसलुशीत, आणि निखाऱ्याइतका गरम असा तो पदार्थ स्थानिक लोक पत्र्यावरूनच उलथण्याने तोडून सरळ तोंडात घालत होते. पलीकडच्या टेबलावर एक गृहस्थ त्याच्यासोबत चक्क वाडगाभर भात खात होते. तोक्योची माणसे ओसाकाच्या या सवयीला नाके मुरडतात, परंतु आत्याला ते दृश्य दिसताच ती माझ्यावर उखडली. “भात मिळतो इथे? आणि तू मला हे आत्ता सांगतोस?” भात आला. आत्या प्रथमच पाठ टेकून बसली.

बिलाचा कागद टेबलावर पालथा ठेवलेला होता आणि पैसे दाराशी द्यायचे होते. “मोठी मी आहे, पैसे मी देणार,” असे म्हणत आत्या उठली, पण तिला झाकण उचलून पर्स बाहेर काढेपर्यंत मी हिशेब चुकता करून रस्त्यावर पोहोचलो होतो. ती आली तीच तणतणत. मी तिला मुद्दामच त्या पेटीवर बसवले, असा तिचा आरोप होता. पैसे आपणच देणार होतो हे सिद्ध करण्यासाठी तिने पर्समधून नोटा काढल्या, त्या मोजायला चष्मा शोधला, आणि तो मिळेना तेव्हा आम्ही दोघे काचेतून आत पाहू लागलो. आमच्या टेबलावर नवे गिऱ्हाईक बसले होते. चांगले धिप्पाड गृहस्थ होते, आणि त्यांनी नुकतेच उलथणे हातात घेतले होते.