टॉप 2 टक्केवाल्या फॉरवर्डबद्दल

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर (कोथरूड आहे, दर दोन मजल्यांमागे एक प्राध्यापक) परत तोच मेसेज फिरतोय: "स्टॅनफर्डने जगातले सर्वोत्तम 2 टक्के शास्त्रज्ञ निवडले, निवड फक्त सायटेशनवर, वशिला नाही, आकडा खोटं बोलत नाही, प्रमोशनही यावरच द्या." (सायटेशन म्हणजे एखाद्या पेपरचा संदर्भ दुसऱ्या पेपरने देणं.) मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करतो, सगळ्या सर-मॅडमचे एच-इंडेक्स (पेपर आणि सायटेशन मिळून काढलेला एक आकडा) काढून द्यायचं काम माझ्याच गळ्यात असतं, म्हणून राहवलं नाही.

"स्टॅनफर्डने निवडले." कोणी निवडलं नाही हो. तिथले प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोपस या पेपर-सायटेशनच्या डेटाबेसवर एक फॉर्म्युला चालवला, त्यातून यादी निघाली, एकही पेपर कोणी वाचलेला नाही. त्यातही याद्या दोन, एक अख्ख्या करिअरची आणि एक फक्त एका वर्षाची. फॉरवर्डमध्ये नेमकी कोणती ते कधीच नसतं. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन धरून आणि वगळून असे वेगवेगळे आकडेही ते देतात, म्हणजे यादी करणाऱ्यांना गोम माहितीये, पुढे ढकलणाऱ्यांना नाही.

"जास्त सायटेशन म्हणजे मोठं काम." इथे खरी गंमत आहे. 3 लाखांवर सायटेशन असलेला पेपर कोणता? लाउरी आणि मंडळींचा, 1951 चा, प्रोटीन किती आहे ते मोजायची पद्धत. उपयोगी आहेच, पण हा काही महान पेपर नाही असं खुद्द लाउरीच म्हणायचे, लॅबमध्ये ती पद्धत वापरली की नाव द्यायचं एवढंच. आणि वेकफील्डचा 1998 चा, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा पेपर घ्या, लॅन्सेट या मेडिकल जर्नलने तो 2010 ला मागे घेतला, त्याला भरपूर सायटेशन आहेत आणि त्यातली ढीगभर "हे चूक आहे" सांगायला दिलेली, मोजणाऱ्या मशीनला मात्र शिवी आणि शाबासकी एकच.

उलटं उदाहरण आपल्या पुण्यातलंच. दा. ध. कोसंबी फर्ग्युसनला गणित शिकवत होते त्या काळात त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र दिलं. आजही जेनेटिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' हा पर्याय असतो, पोरं त्यावर क्लिक करतात आणि पुढे जातात, मूळ पेपर बऱ्याच जणांच्या संदर्भयादीत नसतोच. काम इतकं मुरलं की सायटेशन द्यायचीच गरज उरली नाही, आता हे कुठल्या कॉलममध्ये भरायचं?

"विषय कोणताही असो, आकडा तो आकडा." अजिबात नाही. मेडिकलच्या पेपरची संदर्भयादी लांबलचक, गणितवाल्याची आखूड, मग सायटेशन सारखी कशी पडणार? आणि भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती (जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ) 1919 ला सुरू होऊन 1966 ला पूर्ण झाली, ती माणसं आज असती तर दरवर्षीच्या अप्रेझलला काय दाखवणार होती देव जाणे. मराठी पुस्तकांतले संदर्भ तर स्कोपसच्या हिशोबात जवळजवळ येतच नाहीत.

"जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मोठा म्हणजे पेपर भारी." हा आकडा म्हणजे जर्नलच्या अलीकडच्या पेपरना सरासरी किती सायटेशन पडली ते. अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए चा 2 च्या आसपास असलेला इम्पॅक्ट फॅक्टर 2009 ला एकदम जवळपास 50 झाला. कारण 2008 चा शेल्ड्रिकचा एक पेपर, जो शेल्ड्रिकचं क्रिस्टलची रचना काढायचं सॉफ्टवेअर वापरणारा प्रत्येक जण साइट करतो. बाकीचे लेखक तेच आणि तसेच, नशीब मात्र फळफळलं.

आणि "आकड्यात गडबड होत नाही"? आमच्याकडच्या एका मॅडमना पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने पेपर पास करायला एकाच माणसाचे चार पेपर साइट करायला सांगितले, तो माणूस कोण हे ओळखायला काही शेरलॉक लागत नाही.

बरं, मी सायटेशन वापरतच नाही असं नाही. बजेट कापलं की कोणतं जर्नल बंद करायचं ते ठरवताना बघतोच. आमच्या बिल्डिंगमधल्या सरांचंही यावर्षी यादीत नाव आहे, अभिनंदन, अगदी मनापासून. पण त्यांचं काम दणकट आहे हे मला आधीच ठाऊक होतं, त्यांच्या जुन्या थिसिसची प्रत मागायला दुसऱ्या युनिव्हर्सिटीतली पोरं आमच्या काउंटरवर येतात, दोनदा बाइंडिंग करून झालंय.