पाकिटावर ‘स्ट्राँग’, आत चिकोरी

रात्रपाळी करणाऱ्या माणसाला घरच्या घरी झोप उडवणारी कॉफी मिळूच द्यायची नाही, असा या बाजाराने पणच केलेला दिसतो. किराणा दुकानाच्या फळीवरच्या कोणत्याही पाकिटावर ‘स्ट्राँग’ असे ठसठशीत छापलेले असते; ते उलटे करून, चष्मा लावून, उजेडात धरले की मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत खरी गोष्ट कळते : कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ. तिने रंग काळाकुट्ट होतो, कडवटपणा येतो, डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क, दाट दिसते, पण झोप उडवणारे कॅफीन तिच्यात औषधालाही नसते. म्हणजे ज्यासाठी मी पैसे मोजतो ते जवळजवळ निम्मे काढून घ्यायचे, त्या जागी रंग आणि कडूपणा भरायचा, आणि वर त्याचीच जाहिरात करायची! संताप याचा येतो की हे सगळे नियमात बसते. मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली आणि प्रमाण छापले की उत्पादकाची जबाबदारी संपली.

मग महागड्या पाकिटांकडे वळावे, तर तिथे वेगळाच तमाशा. मळा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, चवीत संत्र्याची साल लागते की चॉकलेट, हे सारे सांगतात. कॅफीन किती, हे मात्र कोणी सांगत नाही. कॉफीच्या अरेबिका आणि रोबस्टा या दोन मुख्य जातींपैकी शंभर टक्के अरेबिका असल्याची फुशारकी असते, पण अरेबिकाच्या बियांत कॅफीन वजनाच्या साधारण १.२ टक्के असते आणि रोबस्टात २.२ टक्क्यांच्या आसपास, हे ग्राहकाने स्वतः शोधून काढायचे. दहा ग्रॅम पुडीचा हिशेब मांडला तर अरेबिकात सुमारे १२० मिलिग्रॅम, रोबस्टात २२०, आणि त्या ५३ टक्केवाल्या मिश्रणातली कॉफी अरेबिका असेल तर जेमतेम ६४. बरे, रोबस्टा काही परदेशातून आणायचा नाही. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के तोच असतो. तरी त्याचे नाव पाकिटावर छापायला यांना लाज वाटते.

सल्ले देणारे तर घरोघरी आहेत. कोणी म्हणते, जास्त काळी भाजलेली घे, जणू करपवल्याने कॅफीन वाढते. वास्तविक भाजण्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कोणी म्हणते, अजून पाच मिनिटे उकळू दे. अहो, कॅफीन गरम पाण्यात लवकर उतरते, त्यानंतर उकळत राहिल्याने उतरतो तो निव्वळ कडवटपणा! (जायफळ घालायला सांगणाऱ्या मावशींना मी हात जोडतो, जागे राहण्यासाठी करायच्या कॉफीत झोपेसाठी दुधात घालायची वस्तू कशाला?) करायचे असते ते इतकेच की पूड वाढवायची, पाणी कमी ठेवायचे, दळण फिल्टरला साजेसे बारीक घ्यायचे आणि पहिलेच डिकॉक्शन वापरायचे, कारण त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी ओतले की रंग उतरतो, जोर उतरत नाही.

एवढे सगळे समजून माटुंग्याला, समोर दळून देणाऱ्या दुकानात जावे आणि निव्वळ रोबस्टा, चिकोरी अजिबात नको, असे स्पष्ट सांगावे, तर काउंटरमागचे गृहस्थ माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहतात. ‘साहेब, थोडी चिकोरी घालतोच, नाहीतर स्ट्राँग लागणार नाही.’ नको म्हटले की वीस टक्क्यांवर येतात, पुन्हा नको म्हटले की दहावर, आणि पैसे माझे असूनही मी भाजीबाजारात घासाघीस करत असल्यासारखा उभा असतो. दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन निरोगी प्रौढाला सहसा चालते असे मानतात, म्हणजे ती मर्यादा सांभाळण्यासाठीसुद्धा पाकिटावर आकडा हवा. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर तो छापता येतो. कॉफीच्या पाकिटावर तेवढीच जागा कशी शिल्लक राहत नाही?