घुमटातच गाडी अडकली
4 जानेवारी 2010 चा ‘टीएनए इम्पॅक्ट’ हा कुस्तीचा टीव्ही कार्यक्रम फसला, कारण समोर डब्ल्यूडब्ल्यूईच्या ‘रॉ’ या स्पर्धक कार्यक्रमात कुस्तीगीर ब्रेट हार्ट परतला, असं एका लेखात म्हटलंय. पण हे कारण अर्धंच आहे. इम्पॅक्टच्या तीन तासांच्या भागातला पहिला तास ‘रॉ’ सुरूच नव्हतं! रान मोकळं असताना पहिल्याच लढतीत माती खाल्ली. ती लढत ‘स्टील असायलम’ प्रकारची होती; त्यात पिंजऱ्याच्या घुमटाला वर भोक असतं. त्यातून बाहेर पडेल तो जिंकला. मग अपात्रतेचा प्रश्न येतोच कुठे? तरी होमिसाइड या कुस्तीगीराने दंडुका चालवला म्हणून सामना निकालाविना गुंडाळला. वर त्यालाच भोकातून निघता येईना, नुसता लोंबकळत राहिला. प्रेक्षक शिव्या घालणारच. पुढे हॉल, नॅश, फ्लेअर या जुन्या कुस्तीगीरांच्या एंट्र्या. स्टाइल्स विरुद्ध अँगल ही लढत मात्र खणखणीत झाली. सुरुवातीला तीच लावायची ना!