शाहूपुरीकर, कुकरातल्या कोषांबद्दल थोडं सांगतो

प्रयोगशाळेत पेशी वाढवताना सीरमऐवजी सेरिसिन (रेशमाच्या धाग्यावरचं डिंकासारखं प्रथिन) वापरण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर 'शाहूपुरीकर' या नावाने तुम्ही लिहिलंय : "गाईच्या वासराचं रक्त नको म्हणून रेशीम, आणि रेशमासाठी हजारो किडे उकळायचे. ही कसली दया? शिवाय रेशीम धुतलेलं पाणी पेशींना पाजून प्रयोगशाळा चालतात का?"

आधी चूक कबूल करतो. त्या लेखाला 'सीरमला पर्याय' हे शीर्षक जरा चढवूनच दिलं होतं. पेशी वाढवायच्या माध्यमात, म्हणजे पोषक द्रवात, बहुधा १० टक्के सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) घालतात. कत्तलखान्यात गाभण गाय आली तर पोटातल्या वासराच्या रक्तापासून ते मिळतं. त्यात हार्मोन, वाढीचे घटक, पेशींना तळाला धरून ठेवणारी प्रथिनं, सगळंच. एकटं सेरिसिन हे कुठून आणणार? २००२ मध्ये जपानी संशोधकांनी सेरिसिनमुळे काही सस्तन पेशी जोमाने वाढतात हे दाखवलं, पण सीरम पूर्ण काढलं की इन्सुलिन, लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन वगैरे जोडीला लागतातच. शीर्षकात आता 'पर्याय'च्या जागी 'पुरवणी' केलंय.

किड्यांचं म्हणणं मान्य. कोषातला प्युपा (कोषात गेलेला किडा) गरम हवेने नाहीतर वाफेने मारतातच. पण तो मरतो साडीसाठी. धाग्यावरचा सेरिसिनचा डिंक, म्हणजे कोषाच्या कवचाचा साधारण पाव भाग, रेशीम मऊ व्हावं म्हणून साबण-सोड्याच्या गरम पाण्यात काढतात आणि बहुतेक वेळा सांडपाण्यात सोडून देतात. याला अहिंसा मी म्हणत नाही.

पाण्याबद्दल मात्र तुमचा नेम बरोबर बसलाय. सोड्याने सेरिसिनचे तुकडे होतात, वर साबण, रंग. ते तसंच घातलं तर पेशी मरतील. म्हणून प्रयोगाला कवचं कापून नुसत्या पाण्यात, दाबाखाली तापवतात. मी राजारामपुरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, ओळखीच्या शेतकऱ्याकडचे कोष कापून, प्युपे काढून, कुकरला लावून पाहिलं. गाळलेलं पाणी पिवळसर होतं. रात्रभरात त्याची पातळ जेली झाली, चमचा उभा राहीना पण थरथरायची. हे पेशींना घातलं नाही, तेवढी सोय घरात नाही. सीरम उकळलं तर वाया जातं. सेरिसिन ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रातून) काढलं तरी कामाचं राहतं, हा त्याचा मोठा गुण. आणि मात्रा थोडी : लिटरला ग्रॅमभर, म्हणजे पंधरा-वीस कोषांचा ऐवज. जास्त झालं तर पेशींना उलट बाधतं.

कोष अजून पिशवीभर उरलेत. या कधीही, दाखवतो. कुकर मात्र तुमचा आणा, आमच्या आईने आमचा भाताला परत घेतलेला नाही.